छोट्या चाकावरून किचनरला

अन्याय झाला तो संघमित्रा गजभिये यांच्यावर. यंदाच्या फेब्रुवारीत, फॅमिली डेच्या सुट्टीनंतरच्या मंगळवारी, भरदिवसा, कॅनडातल्या ऑन्टारियोत, मिल्टनच्या पुढे 401 हायवेजवळच्या एका कारपूल पार्किंगमध्ये. साक्षीदार मी. त्यांच्या शेजारच्या सीटवर बसले होते.

ताई आणि मी एकाच कंपनीत रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहोत. ज्यांची फुप्फुसं थकली आहेत अशा लोकांच्या घरी आम्ही ऑक्सिजनची मशीन बसवतो, तपासतो, बदलतो. मशीनला कॉन्सन्ट्रेटर म्हणतात. ते भिंतीतल्या प्लगवर चालतं, खोलीतलीच साधी हवा ओढतं, त्यातला नायट्रोजन अडवतं आणि उरलेला ऑक्सिजन एका नळीतून माणसाच्या नाकात सोडतं. ताई सीनियर, नागपूरच्या, राहतात स्कारबरोमध्ये. मी ज्युनियर, मार्कहॅमची. त्या दिवशी मी त्यांचा रूट शिकायला बरोबर निघाले होते. शिवाय मी आमच्या ऑफिसमधली वर्कर सेफ्टी रेप आहे, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेली सुरक्षा प्रतिनिधी. माझ्या बॅगेत पत्रकं असतात. लोक हसतात. हसू द्या.

मिल्टन ओलांडलं आणि पुढच्या उजव्या चाकातून थडथड आवाज यायला लागला. ताईंनी ब्रेक मारला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू काढला, हझार्ड लाईट लावले आणि पुढच्या एक्झिटने व्हॅन खाली घेतली. कारपूल लॉटमध्ये उतरून बघितलं तर विंटर टायर बाजूनेच फाटलेला. पंक्चरचा प्लग भरून भागण्यासारखं नव्हतं.

किचनरला आमचे पेशंट वाट बघत होते. त्यांना इथे सबनीस काका म्हणते. खरं नाव वेगळं आहे, आणि हे सगळं लिहायला त्यांची परवानगी आहे. सत्तरच्या दशकात इंजिनियर म्हणून आलेले, आता रिटायर्ड, घरात एकटे. सकाळी त्यांच्या कॉन्सन्ट्रेटरने अलार्म दिला होता. तेव्हापासून ते बॅकअप सिलिंडरवर होते. सिलिंडर म्हणजे साठवलेला ऑक्सिजन. काही तास पुरतो, मग संपतो. आमच्या व्हॅनमध्ये त्यांचं नवं मशीन होतं.

ताईंनी आधी काकांना फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकलं.

"काका, आम्हाला थोडा उशीर होईल. गाडीचा जरासा प्रॉब्लेम आहे. तुम्ही खुर्चीतच बसा. बेसमेंटमध्ये उतरू नका. फ्लो दोनवरच ठेवा, वाढवू नका. सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि आम्ही दिसलो नाही, तर सरळ 911 ला ॲम्ब्युलन्ससाठी फोन. कळलं?"

"कळलं. काटा... अजून हिरव्यात आहे," काका म्हणाले. त्यांची वाक्यं मधेच थांबतात. श्वासासाठी.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "ताई, टायर फाटलाय हे नाही सांगितलं?"

"श्वासाच्या पेशंटला घाबरवायचं नसतं, प्रज्ञा. घाबरला की श्वास वाढतो. श्वास वाढला की माणूस फ्लो वाढवतो, मग सिलिंडर पुरत नाही. हा नियम पहिला."

हा नियम लक्षात ठेवा. पुढे सगळं याच नियमावर फिरलं.

रोडसाइड असिस्टन्सचा माणूस आला. त्याने व्हॅनच्या पोटातून स्पेअर काढला आणि मला हसू फुटलं. आपल्याकडे स्टेपनी म्हणजे बाकीच्या चारांसारखंच पाचवं चाक. लावलं की विषय संपला. हे चाक म्हणजे व्हॅनला कुणीतरी सायकलचं चाक आहेर केल्यासारखं. इथे त्याला डोनट म्हणतात. वर पिवळा स्टिकर: ताशी कमाल ऐंशी किलोमीटर.

"हे एवढंसं?" मी विचारलं.

"हे टायर शॉपपर्यंत पोचवायला आहे, मॅम. कामावर पोचवायला नाही," तो इंग्रजीत म्हणाला आणि फाटलेल्या चाकाच्या जागी ते लावायला लागला.

"तिथे नाही," ताई म्हणाल्या. "मागचं चांगलं चाक काढून पुढे लावा. हे मागे."

तो कुरकुरला. डबल काम. ताई हलल्या नाहीत. मला त्यांनी समजावलं ते असं: आमची व्हॅन पुढच्या चाकांनी ओढते आणि पुढच्याच चाकांनी वळते. डोनटचं रबर बारीक, त्याला विंटर टायरची पकड नाही. ते पुढे असलं आणि बर्फ लागला, तर गाडी आपल्या मनाने जाईल. मागे असलं तर निदान हळू चालवून सांभाळता येतं. शेवटी त्याने केलं. केलं आणि आपल्या फोनवर 'कम्प्लीट' दाबलं.

त्याच क्षणी आमच्या ॲपमध्ये व्हॅन हिरवी झाली. 'इश्यू रिझॉल्व्ह्ड'. खाली लगेच रूट उगवला: 401 ने किचनर, मग केंब्रिजमध्ये दोन व्हिजिट, मग परत मार्कहॅम. जणू काही घडलंच नव्हतं. तो हिरवा रंग मी विसरणार नाही. आमच्या सिस्टिममध्ये गाडीला दोनच अवस्था आहेत, बंद किंवा बरी. डोनटवरची गाडी नावाची गोष्ट तिला माहीतच नाही.

ग्रेगचा फोन आला. ग्रेग आमचा ऑपरेशन्स मॅनेजर. वाईट माणूस नाही. त्याच्यासमोर दिवसभर एक स्क्रीन असतो आणि त्या स्क्रीनवर आम्ही ठिपके असतो.

"स्पेअर लागला ना? मग निघा. पेशंट वाट बघतोय."

"स्पेअर टेंपररी आहे, ग्रेग. दुसरी व्हॅन पाठवता येईल?"

"संध्याकाळपर्यंत नाही. आणि टायर फक्त आपल्या फ्लीट शॉपमध्ये, उद्या. 401 ने चाळीस मिनिटं आहेत, संघा."

मी सीटवर उसळले. ऑन्टारियोत कुठल्याही कामगाराला धोक्याचं काम नाकारायचा कायदेशीर हक्क आहे. माझ्या पत्रकाचा मथळाच तो आहे. "ताई, रिफ्यूज करा," मी मराठीत म्हटलं. "आत्ता, फोनवर. मी साक्षीदार आहे. ही क्लासिक केस आहे!"

ताईंनी फोनवर हात ठेवला. "आणि काकांचं मशीन कोण नेईल? तुझं पत्रक?"

मी बॅगेची चेन ओढून बंद केली. मी सहसा माघार घेत नाही. विचारा कुणालाही.

मग त्या फोनवर म्हणाल्या, "ग्रेग, मी किचनर करीन. 401 ने नाही. आतल्या रस्त्यांनी, ऐंशीच्या खाली. केंब्रिजच्या दोन्ही व्हिजिट रुटीन आहेत, त्या उद्यावर टाक. परत येताना व्हॅन मी चालवणार नाही. ती ट्रकवर घालून आण."

"पेशंट ऑक्सिजनवर वाट बघतोय आणि तू आतल्या रस्त्याने जाणार?"

"तो वाट पाहून राहिलाय म्हणूनच तर," ताई म्हणाल्या. मराठीतच निघालं तोंडून. मग इंग्रजीत: "मला तिथे पोचायचं आहे. म्हणून."

त्यांनी काम नाकारलं नाही. वेग नाकारला. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे कुठेच शिकवत नाहीत. माझ्या पत्रकातही नव्हतं.

आम्ही उत्तरेला निघालो. डोनटवरची गाडी एका बाजूला जरा झुकते. मागून एक बारीक घुमणारा आवाज येत राहतो, कानात डास अडकल्यासारखा. ताईंनी पुढच्या गाडीपासून एरवीपेक्षा दुप्पट अंतर ठेवलं. वळणाच्या खूप आधी वेग कमी करायच्या. ग्वेल्फजवळ बर्फ सुरू झाला. मागे पिकअप ट्रक लागले, एकाने हॉर्न वाजवला, दुसऱ्याने लाईट मारले. ताई शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, जागा दिसली की बाजूला होऊन सगळ्यांना जाऊ द्यायच्या, मग पुन्हा रस्त्यावर.

"राग नाही येत?" मी विचारलं.

"कायले? त्यांना काय माहीत मागे कोणतं चाक आहे ते."

ग्वेल्फ सोडल्यावर त्यांनी शेतांमधला रस्ता घेतला. दोन्हीकडे पांढरं. आभाळ आणि जमीन कुठे जुळतात ते कळेना. रस्ता कुठला आणि शेत कुठलं, हे फक्त विजेच्या खांबांवरून समजत होतं. मी नवी मुंबईत वाढलेली मुलगी. चार हिवाळे इथे फावड्याने बर्फ शोव्हल करत काढले, पण बर्फ म्हणजे माझ्यासाठी ड्राइव्हवेची कटकट होती. त्या दिवशी पहिल्यांदा तो आकाराने केवढा आहे ते दिसलं. आणि त्या सगळ्याच्या मधून आम्ही चाललो होतो त्या हातभर चाकावर, ज्याला बघून मी हसले होते. दोन माणसं, एक मशीन, चार सिलिंडर. ते चाक हे सगळं वाहत होतं. त्याच्याकडून ठरल्याहून जास्त न मागणारं माणूस स्टीअरिंगवर होतं, म्हणून वाहत होतं.

एका चढावर ताईंनी वेग एकदम कमी केला. पुढे काळी घोडागाडी होती. किचनरच्या आसपास मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी राहतात. त्यांच्यातले जुन्या वळणाचे लोक मोटार वापरत नाहीत. बर्फात, भर दुपारी, घोडा आपल्या चालीने चालला होता. नाकातून वाफ येत होती. गाडीच्या पाठीवर केशरी त्रिकोण लावलेला. तो त्रिकोण म्हणजे इथल्या कायद्याने दिलेली खूण, की हे वाहन हळू जाणार आहे. आमच्या मागे हळूहळू सहा-सात गाड्या जमल्या. मघाच्या हॉर्नवाल्यासारखे पिकअपही त्यात होते. कुणी हॉर्न वाजवला नाही. कुणी लाईट मारले नाहीत. समोर घोड्याच्या पावलांची लय, मागे आम्ही सगळे. मिरवणुकीसारखे.

माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगते. या देशाने एका घोड्याचा हळू जाण्याचा हक्क मान्य केला आहे, त्याला रस्त्यावर जागा दिली आहे, पाठीवर लावायला खूण दिली आहे. आणि बर्फ तुडवत ऑक्सिजन घेऊन जाणाऱ्या बाईला? तिला हिरवं बटण.

"पाहून राहिली ना?" ताई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभरातलं पहिलं हसू होतं. "आपल्यालाही एक त्रिकोण पाहिजे."

पुढे गाडीवाल्याने शेताच्या फाटकाशी घोडा बाजूला घेतला आणि हात वर केला. ताईंनीही केला.

काकांच्या घरी पोचलो तेव्हा सिलिंडरचा काटा लाल पट्ट्याच्या कडेला टेकला होता. काका खिडकीकडे पाठ करून खुर्चीत ताठ बसले होते, सांगितलं होतं तसेच. मांडीवर फोन, स्क्रीनवर 911 टाइप करून ठेवलेलं, फक्त हिरवं चिन्ह दाबायचं बाकी. ओठांना निळसर छटा. ताईंनी कोट काढला नाही. मशीन आत, प्लग, नळी, फ्लो दोन. मशीन घरघरलं. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा आधी हलेना, मग एकेक करत चढायला लागला. मी ते शेकडो वेळा बघितलंय. त्या दिवशी मात्र नवीन वाटलं. खोलीतलीच हवा होती ती. तीच, जी माझ्या नाकातून फुकट जात-येत होती.

काकांच्या ओठांवर रंग आला आणि ते पहिलं वाक्य बोलले, "उशीर... झाला तुम्हाला."

"हो, काका. झाला."

"चहा घ्या. आलं... ठेवलंय डब्यात."

चाकाबद्दल ताई तेव्हाही एक शब्द बोलल्या नाहीत. पेशंट नुकता सावरला होता. पहिला नियम.

व्हॅन ठरल्याप्रमाणे ट्रकवरून मार्कहॅमला गेली. आम्ही ट्रेनने.

आता अन्यायाचा दुसरा भाग. प्रत्येक व्हिजिटनंतर पेशंटला फोनवर एक छोटा सर्व्हे जातो. त्यात विचारतात, थेरपिस्ट वेळेवर आले का? येस किंवा नो. सबनीस काकांनी 'नो' दाबलं. आयुष्यभर मोजमापं करत आलेला माणूस. विचारलं तेवढ्याचं खरं उत्तर दिलं.

गुरुवारी ताईंना वॉर्निंग मिळाली. गाडी 'रिझॉल्व्ह्ड' असताना रूट बदलला, दोन व्हिजिट सोडल्या, पेशंटची तक्रार आली. किचनरचा रूट काढून घेतला. शुक्रवारी मी ताईंची प्रतिनिधी म्हणून ग्रेगसमोर बसले.

"स्पेअर लागलेला होता," तो म्हणाला. "सिस्टिममध्ये गाडी बरी होती."

"गाडी बरी आहे?"

"आता तर आहेच."

आता ऐका. आता म्हणजे शुक्रवारी. व्हॅन खाली पार्किंगमध्ये उभी होती. मी सकाळीच बघून आले होते. मागच्या उजव्या बाजूला अजून डोनटच होता. फ्लीट शॉपला, म्हणजे कंपनीच्या गाड्यांच्या गॅरेजला, कुणी फोनच केला नव्हता, कारण हिरव्या गाडीसाठी कोण फोन करतं? दुपारी ती दुसऱ्या एका मुलाच्या नावावर लावलेली होती, मिसिसागाच्या रूटसाठी, 401 ने.

मी किल्ली टेबलावर ठेवली. "चल ग्रेग, 401 वर जाऊन येऊ. तू चालव. मी शेजारी बसते."

तो खाली आला. गाडीला एक फेरी मारली. डोनटपाशी वाकला आणि पिवळा स्टिकर वाचला. बराच वेळ वाचला. मग उभा राहून म्हणाला, "मला दोन वाजता मीटिंग आहे."

त्या दुपारी व्हॅन कुठेही गेली नाही. गाडी थांबवायच्या कागदावरची सही माझी नाही, ग्रेगची. पण ताईंची वॉर्निंग तशीच राहिली. "पेशंटची तक्रार रेकॉर्डवर आहे, प्रज्ञा. ती मी पुसू शकत नाही."

पुढच्या आठवड्यात किचनरला मी गेले. काकांनी दार उघडलं, माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

"संघमित्राबाई... नाही आल्या?"

पेशंटला ऑफिसच्या गोष्टी सांगायच्या नसतात. मी सांगितल्या. डोनट, आतले रस्ते, घोडागाडी, वॉर्निंग, सगळं. काका खुर्चीत बसून ऐकत होते.

"मला... म्हणाल्या, जरासा प्रॉब्लेम."

"तुम्हाला घाबरवायचं नव्हतं."

"प्रश्न होता... वेळेवर का. मी खोटं... कसं लिहिणार?"

"खोटं नव्हतंच, काका. अपुरं होतं."

त्यांनी नाकातली नळी नीट बसवली. मग म्हणाले, "लाव फोन. त्या ग्रेगला."

मी लावला. आता हे कसं सांगू? ज्या माणसाला जिना म्हणजे डोंगर आणि वाक्य म्हणजे जिना, तो माणूस ग्रेगशी इंग्रजीत बोलायला लागला. तीन शब्द, श्वास. तीन शब्द, श्वास. मधेच ग्रेग म्हणाला, सर, तुम्ही विश्रांती घ्या, मी ईमेल पाठवतो. काका म्हणाले, नो, यू विल... लिसन नाऊ. एका चाकाची कमाल मर्यादा म्हणजे काय, इंजिनियर ती मर्यादा का घालतो, आणि मर्यादा पाळणाऱ्या माणसाला शिक्षा देणारी कंपनी आपल्या सिलिंडरांवरच्या मर्यादा तरी पाळते का, हे त्यांनी विचारलं. शेवटी म्हणाले, ती बाई हळू आली... म्हणून मी... बोलतोय. मी ऑक्सिमीटरकडे बघत होते. आकडा उतरत होता. मी हाताने थांबा म्हणून खुणावलं. ते थांबले नाहीत. ताईंनी जो श्वास आणून दिला होता, त्यातला जेवढा लागेल तेवढा ते त्यांच्यासाठीच खर्च करत होते.

वॉर्निंग मागे घेतली गेली. किचनरचा रूट ताईंना परत मिळाला. माफी नाही. ॲपमधलं ते बटण तसंच आहे, अजूनही. 'डोनटवर' अशी तिसरी अवस्था हवी म्हणून आम्ही मागणी केली आहे. हेड ऑफिस विचार करत आहे. विचार हा त्यांचा आवडता छंद.

ताईंना मी मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "एवढं बोलायला लावलंस त्यांना? सॅच्युरेशन कितीवर आलं होतं? खुर्चीत होते ना? आधी ते सांग."

या धंद्यातला धडा कोरडा आहे. स्पेअर लागला म्हणजे गाडी बरी झाली असं नाही. ती फक्त बरी होण्याच्या वाटेवर आहे, आणि ती वाट हळूच चालायची असते.

आणि आता तुम्हाला सांगते. होय, तुम्हालाच. तुमच्याही घरी कुणीतरी येतं. थेरपिस्ट, नर्स, ग्रोसरी आणणारा, घर गरम ठेवणारी फर्नेस दुरुस्त करणारा. त्यातलं कुणी आपली अडचण तुम्हाला सांगणार नाही, कारण न सांगणं हा त्यांच्या कामाचाच भाग असतो. मग तुमच्या फोनवर तो प्रश्न येईल, वेळेवर आले का? खोटं लिहू नका, मी ते मागत नाही. पण अंगठा टेकवण्याआधी खुर्चीतून उठा, खिडकीपाशी जा आणि दाराशी उभ्या असलेल्या गाडीची चाकं बघा. चारही. एक लहान असेल, तर खाली कॉमेंटची चौकट असते, त्यात लिहा: उशिरा आली, कारण नीट आली.